इंग्रजीत भांडायला आलेली बाई

आमच्या क्लासमध्ये इंग्रजी शिकायला येणाऱ्यांची कारणं ठरलेली असत. कुणाला मुलाखत द्यायची असे, कुणाला परदेशी जायचं असे, कुणाला पोरीच्या शाळेत बाईंसमोर मान वर करून बोलायचं असे. एकदोघांनी लग्न जमावं म्हणून नाव घातलं होतं, एकाने जमलेलं मोडावं म्हणून. पण भांडता यावं म्हणून इंग्रजी शिकायला आलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली. तिची गोष्ट सांगायची मला इतकी घाई झाली आहे की आधी धंद्याची ओळख करून देण्याचा धीर मला निघेल की नाही, शंकाच आहे. बघते.

क्लास भिलाईच्या नेहरू नगरात, हायवेच्या कडेला, मिठाईच्या दुकानावर. खाली जिलेबी तळली जायची आणि वर आम्ही क्रियापदं. दोन्ही वेटोळी. आजूबाजूला कोचिंगवाल्यांची रांग आणि त्यांच्या होर्डिंगांवर पहिल्या आलेल्या पोरांचे चेहरे. ती पोरं पुढे कुठे गेली कोण जाणे. होर्डिंगावर मात्र उन्हापावसात रंग उडेपर्यंत हसत राहत. आमच्या होर्डिंगावर कोणी पहिला नसल्यामुळे स्वतः डायरेक्टर साहेब होते, भर मे महिन्यात थ्री-पीस सुटात. खाली लिहिलेलं, ‘अंग्रेजी बोलिए, दुनिया सुनेगी’. दुनियेचं माहीत नाही, पण साहेब बोलायला लागले की आम्हा मास्तरांना ऐकावंच लागे.

माझ्याकडे वाक्प्रचारांचा तास होता. आता वाक्प्रचार म्हणजे काय, तर असं वाक्य, ज्यातला शब्द न् शब्द ओळखीचा आणि सगळं मिळून अनोळखी. मराठी शिकणाऱ्या गोऱ्या माणसाला डोळा माहीत आहे, लागणं माहीत आहे. पण ‘त्याचा डोळा लागला’ म्हटलं की तो डॉक्टरला बोलवायला धावेल. इंग्रजीत आपली गतही तीच. ‘किक द बकेट’ म्हणजे बादलीला लाथ मारणे, हे पहिलीतलं पोरही सांगेल. पण बादलीला लाथ मारलेला माणूस परत येत नाही, तो वारलेला असतो, हे सांगायला मास्तर लागतो. निदान तेव्हा लागत असे. आता फोन सांगतो. फोन काय काय सांगतो, ते पुढे येईलच.

भिलाईत, म्हणजे पोलाद कारखान्याच्या गावात, हा विषय शिकवण्यात एक खास अडचण आहे. इतर गावांत जे वाक्प्रचार असतात ते इथे रोज ड्युटीवर खरोखर घडतात. मी फळ्यावर ‘लेट ऑफ स्टीम’ लिहिलं आणि सांगितलं, मनात साठलेला राग मोकळा करणे. मागच्या बाकावरचे बॉयलरवाले काका उठले. “मॅडम, वाफ अशी सोडता येत नाही. प्रेशर पडते. साहेब चिडते.” मी म्हटलं, मग तुमच्याकडे राग आला की काय करता? म्हणाले, “प्रेशर सांभाळतो.” ‘गो ऑफ द रेल्स’ म्हणजे माणूस बिघडणे, तर रूळ तयार करणाऱ्या मिलमधला एक जण लालबुंद झाला. “आमच्या रुळावरून गाडी उतरते म्हणणारा तो इंग्रज कोण? पत्ता द्या.” आणि ‘ब्रेक अ लेग’, म्हणजे पाय मोड, ही शुभेच्छा आहे, हे मी सेफ्टी डिपार्टमेंटमधल्या एका गृहस्थांना तासभर समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “मॅडम, तुमचं बरोबर असेल. पण आमच्या गेटवर हे कोणी म्हणालं तर मी त्याला आत सोडणार नाही.”

डायरेक्टर साहेबांचा वार्षिक समारंभ वेगळाच. एका वर्षी पाहुणे होते रस्त्यांचे एक ठेकेदार. त्यांनी भाषणात इंग्रजीतून वचन दिलं की विद्यार्थ्यांसाठी ते एकही दगड उलटायचा बाकी ठेवणार नाहीत, म्हणजे प्रयत्नांची शर्थ करतील. क्लाससमोरच्या रस्त्यावर त्यांनी ते वचन आधीच पाळलेलं होतं. मी टाळ्या वाजवल्या. वाक्प्रचार आणि वस्तुस्थिती इतकी जुळलेली मी क्वचित पाहिली होती.

माझी शिकवण्याची रीत साधी होती. इंग्रजी अर्थ द्यायच्या आधी विचारायचं, असल्या वेळी तुमची आई घरी काय म्हणते? माझे वडील भंडाऱ्याकडून प्लांटमधल्या कोक ओव्हन भट्टीवर नोकरीला इथे आले. आमच्या घरी बोली तिकडचीच, आणि आईच्या तोंडी दर दोन वाक्यांना एक वाक्प्रचार. म्हणून ही रीत सुचली. नव्या पोरांवर मात्र ती चालेना. सोनू नावाचा एक चुणचुणीत मुलगा होता, त्याला विचारलं, आई चिडली की काय म्हणते? तो म्हणाला, “मॅम, मम्मी कुछ नहीं कहती. सीधे चप्पल उठाती है.” घरातली भाषा अशी हळूहळू हावभावांवर आलेली. याची खंत मला अजून आहे.

अशा वर्गात एके दिवशी गिरजाबाई हटवार आल्या.

जवळच्याच पद्मनाभपूरहून आल्या होत्या. साठीच्या पुढच्या, हिरवी सुती साडी, हातात कापडी पिशवी, पिशवीतून मेथी डोकावत होती. त्यांचे यजमान प्लांटमधून रिटायर झालेले, एकुलता एक मुलगा प्रशांत इंग्लंडात, तिकडच्या एका जुन्या पोलादाच्याच गावी. सून तिकडचीच, नाव एमा. एवढं सांगून झाल्यावर मी विचारलं, सुनेशी बोलायला शिकायचंय ना?

“बोलाले नाई,” गिरजाबाई म्हणाल्या. “भांडाले.”

“का हो?”

“कावून म्हंजे? भांडनाले कारन लागते का? तुमी फक्त शिकवा. दिवाळीले येऊन राहिली ते. तवापावतर मले चार कडक वाक्य आले पायजे.”

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मुलाखतीवाले सगळे एकसारखंच गुळगुळीत इंग्रजी मागत. इथे पहिल्यांदा कोणी धारदार मागत होतं. मी त्याच आठवड्यापासून वर्गात भांडणाचे वाक्प्रचार सुरू केले. गिरजाबाई बाजारात वांगी निवडावीत तशा एकेक दाबून पाहायच्या.

“कोल्ड शोल्डर,” मी म्हटलं. “एखाद्याशी तुटक वागणे.”

“थंडा खांदा? हे नरम हाय. मले गरम पायजे.”

“गिव्ह हर अ पीस ऑफ माय माइंड. म्हणजे तिला चांगलं खडसावणे. शब्दशः, आपल्या डोक्याचा एक तुकडा देणे.”

“माझ्या डोक्याचा? तिले कावून देऊ? माझ्यापाशीच थोडं राहिलं.”

मागून सोनू म्हणाला, “आंटी तो वर्ल्ड वॉर की तैयारी में हैं.”

“तू गुमान बस रे. तुई मम्मी चप्पल उठवते ते बरोबर करते.”

मग मी ‘ब्युरी द हॅचेट’ लिहिलं. हॅचेट म्हणजे कुऱ्हाड, म्हटल्याबरोबर गिरजाबाई बाकावर ताठ झाल्या. “कुऱ्हाड! हे द्या. हे कामाचं हाय.”

“पण ती पुरायची आहे, गिरजाबाई. कुऱ्हाड पुरणे, म्हणजे भांडण मिटवणे.”

त्यांचा चेहरा पडला. “मंग ठेवा तुमच्यापाशी. पुराले कोन चाललं?”

तरी त्यांनी ते शब्द दोनदा पुटपुटून पाहिले. हॅचेट, ब्युरी. उलटे.

दिवस असे मजेत चालले होते. सगळा वर्ग गिरजाबाईंच्या लढाईत सामील झाला होता. बॉयलरवाले काका उच्चार दुरुस्त करत, सोनू सुनेचं काम करून समोर उभा राहत असे आणि हमखास हरत असे. दिवाळी जवळ आली. एक दिवस गिरजाबाई म्हणाल्या, “मॅडम, आता एका वाक्याचं इंग्रजी करून द्या. मोठं हाय.”

“सांगा.”

“तू मले खारी म्हनली, तरी माझ्या घरी मी तुले उपाशी नाई ठेवत.”

“खारी?” मी म्हटलं. “खारी बिस्किट?”

वर्ग हसला. मीही हसले. गिरजाबाई हसल्या नाहीत. पिशवी उचलून त्या बाहेर गेल्या, आणि जिन्यात उभ्या राहिल्या. मी मागोमाग गेले. जिलेबीचा वास येत होता आणि त्यांचे डोळे भरले होते. तिथे पहिल्यांदा त्यांनी कारण सांगितलं.

“आमच्या वावरात एक कोपरा होता. पांढरी माती, मीठ उमटलेली. तिथं गवतई उगवे नाई. त्याले आमी खारी म्हनो. लग्न झाल्यावर बरेच वर्स मले लेकरू नाई झालं. तं माझ्या सासूनं माझं नाव ठेवलं होतं, खारी. पान्याले जाऊन राहिली खारी, चूल पेटवून राहिली खारी. समद्या गावासमोर. मंग प्रशांत झाला, तवा ते नाव सुटलं. आता इतक्या वर्सानं हे गोरी पोट्टी मले तेच म्हनली.”

“एमा असं म्हणाली? मराठीत?”

“इंग्रजीत. फोनवर व्हिडिओ चालू होता. प्रशांत तिले सांगून राहिला होता, शेजारची म्हातारी पडली तं आईनं तिले दोन टाइम डबा नेऊन देल्ला. तं ते माझ्याकडं पाहून म्हनली. मी कानानं ऐकलं. अन् माझा पोरगा हासला, मॅडम. तो हासला.”

“शब्द काय होते, गिरजाबाई? आठवतात?”

त्यांनी डोळे मिटले आणि शाळेतल्या मुलीसारखं म्हटलं, “साल्ट ऑफ द अर्थ.”

मी जिन्याचा कठडा धरला. वाटलं, खाली धावत जावं आणि अख्ख्या हायवेला जिलेबी वाटावी.

“कोणी सांगितला अर्थ?”

“शेजारच्या पोरीनं फोनमंदी पाह्यला. एकेक शब्द दाबला. साल्ट म्हंजे मीठ, अर्थ म्हंजे माती. मातीतलं मीठ.”

फोनने काहीच चुकीचं सांगितलं नव्हतं. शब्द न् शब्द बरोबर होता. आणि त्या बरोबर शब्दांनी बाईच्या काळजात जुना काटा परत रुतवला होता. फोनला गिरजाबाईंची सासू माहीत नव्हती. एमालाही नव्हती.

मी भराभरा सांगायला लागले. म्हटलं, अहो, इंग्रजीत याच्यापेक्षा मोठी शाबासकी नाही. हे त्यांच्या धर्मग्रंथातून आलेलं आहे. साधं, सरळ, दुसऱ्यासाठी झिजणारं माणूस, ज्याच्यामुळे जगण्याला चव आहे, त्याला ते लोक असं म्हणतात. आपण नाही का म्हणत, बाई म्हणजे सोनं आहे?

गिरजाबाईंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे बारीक नजरेने पाहिलं. “सोन्याले सोनं म्हनते. मिठाले सोनं कोन म्हनते?”

“इंग्रज म्हणतात.”

“तुमी आमा दोघीत समेट करून राहिले.”

“शप्पथ नाही.”

मी वर जाऊन क्लासमधली जाडजूड डिक्शनरी आणली, पान काढून दाखवलं. त्यांनी पानावरून बोट फिरवलं. “पुस्तकाचं नका सांगू. पुस्तकात तं तुमच्या साहेबालेई इंग्रजी येते म्हनून छापलं हाय.”

आमच्या क्लासचं माहितीपत्रक त्यांनीही वाचलेलं होतं.

आमच्या धंद्यातली खरी कुचंबणा ही. अर्थ चुकीचा सांगितला तर लोक विश्वास ठेवतात. बरोबर सांगितला आणि तो गोड निघाला, तर वाटतं, बाई मन राखते आहे. मी नोकरीसाठी, व्हिसासाठी, बढतीसाठी वाक्प्रचार शिकवले होते. या एका वाक्प्रचारावर एका घराचं बोलणं अडलं होतं. व्हिडिओ कॉल आला की गिरजाबाई महिनोन्‌महिने ‘नेटवर्क नाई’ म्हणून स्वयंपाकघरात जात होत्या. मुलाला वाटत होतं, आईला गोरी सून नको आहे.

“फोन करून मुलालाच विचारा ना,” मी म्हटलं.

“तो हासला होता,” त्या म्हणाल्या. एवढंच. मग पायरी उतरता उतरता थांबल्या. “तुमी जेवाले या. ते आली की दुसऱ्या दिवशी. साक्षीदार पायजे. मी माझ्या पद्धतीनं पाहीन तिचं मीठ.”

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा नुसतं रागाचं वाटलं. गिरजाबाई वाक्प्रचार शब्दशः घेतात, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

मी पद्मनाभपूरला पोचले तेव्हा दारात रांगोळी होती, आत कोथिंबीर, आमच्याकडचा सांबार, घातलेल्या बेसनाच्या पातोडीच्या रश्शाचा वास होता, आणि एमा जमिनीवर मांडी घालायचा प्रयत्न करत होती. उंच, नाकावर उन्हाने लाली आलेली. तिने मला ‘नमस्कार, मॅडम’ म्हटलं आणि लगेच प्रशांतकडे पाहिलं, बरोबर आलं का म्हणून. गिरजाबाईंचे यजमान, हटवारजी, कोपऱ्यात आधीच ताटावर बसलेले. निवृत्तीनंतर जेवण ही त्यांची एकमेव शिफ्ट होती आणि ते वेळेच्या आधी हजर राहत.

ताटं वाढली. भात, वरण, पातोडी, वांग्याची भाजी, पोळी. दिसायला सगळं राजेशाही. पण मी ताटाकडे पाहिलं आणि काहीतरी खटकलं. आपल्याकडे सगळ्यात आधी मीठ वाढतात, ताटाच्या वरच्या बाजूला, लिंबाच्या फोडीजवळ. लिंबू होतं. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती.

मी वरणभाताचा घास घेतला. अळणी. पातोडीचा घेतला. अळणी. वांगं, तेही अळणी. मसाला, तिखट, खोबरं, सगळं होतं. मीठ कशातच नव्हतं. मी मान वर केली. गिरजाबाई पळी हातात घेऊन एमासमोर उभ्या होत्या, परीक्षेच्या हॉलमध्ये मास्तर उभा राहतो तशा.

हटवारजींचा हात हवेतच राहिला. “अवो, मीठ...”

“जेवा गुमान.”

ते गुमान जेवायला लागले. प्रशांतने घास तोंडात घेतला, आईकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि चावणं चालू ठेवलं. लग्नानंतर त्याला बरीच समज आलेली दिसत होती. एमा मात्र शांतपणे, बोटांनी, एकेक पदार्थ खात होती. भात सांडत होता, ती वेचून घेत होती. पातोडी तिने दुसऱ्यांदा मागितली. इतके विद्यार्थी मी परीक्षेला पाठवले, पण कुणाच्या पेपराला मी असा घास हातात धरून बसले नव्हते.

गिरजाबाईंनी पळी खाली ठेवली. आता त्या कडक वाक्यांपैकी कोणतं काढणार, याचा मी मनात अंदाज घेत होते. त्यांनी एकही काढलं नाही. त्या स्वतःच्या वाक्यानेच आल्या.

“एमा. टेल मी. हाऊ इज साल्ट?”

एमाने प्रशांतकडे पाहिलं. मग तिचा चेहरा एकदम उजळला. हा शब्द आला की काय म्हणायचं, हे ती ठरवूनच आली असावी. तिने खरकटा हात तसाच धरला, डावा हात छातीवर ठेवला, आणि पाठ केलेलं एकेक अक्षर सांभाळत म्हणाली,

“आई, मी तुमचं मीठ खाल्लं. मी मिठाला जागीन.”

मग कोपऱ्यातून हटवारजींचा आवाज आला.

“कोनतं मीठ खाल्लं हिनं? अजून तं कोनालेच भेटलं नाई.”

मी हसले, ते ठसका लागेपर्यंत. प्रशांत भिंतीला टेकून हसत होता. एमा घाबरली, तिने मला विचारलं, मी चुकीचं बोलले का? मी इंग्रजीत म्हटलं, नाही बाई, शब्द न् शब्द बरोबर. फक्त आज घरात मीठ नाही. मग तिनेच सगळं सांगितलं. त्या फोनच्या दिवशी, शेजारच्या म्हातारीच्या डब्याची गोष्ट ऐकून, ती साल्ट ऑफ द अर्थ म्हणाली होती. प्रशांत त्यावर हसून म्हणाला होता, अगदी बरोबर, आणि आमच्या भाषेतही मिठावर एक वाक्प्रचार आहे. तो त्याने तिला शिकवला. ती तेव्हापासून घोकत होती. आईंसमोर म्हणायला फोनवर संधीच मिळाली नाही, कारण इकडचं नेटवर्क फार खराब आहे म्हणे.

“आई,” प्रशांत आता हसत नव्हता, “मी त्या दिवशी खुश होऊन हसलो होतो. मला जे इतके दिवस तिला सांगता येत नव्हतं ते तिने चार शब्दांत सांगितलं. तुला काय वाटलं?”

गिरजाबाई माझ्याकडे वळल्या. “मॅडम, त्या दिवशी ते हेच म्हनली होती?”

“हेच.”

“जिन्यात तुमी सांगितलं, तेच?”

“तेच.”

त्या आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते आणि हातात मिठाची बरणी होती. त्या खाली वाकल्या आणि पहिली चिमूट एमाच्या ताटात वाढली, लिंबाच्या शेजारी, जिथे वाढतात तिथेच. मग उभ्या राहिल्या, घसा साफ केला, आणि माझ्याकडे न बघता तिला म्हणाल्या,

“एमा. हॅचेट. ब्युरी.”

एमाने मिठाकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि मग गोंधळून माझ्याकडे. “व्हिच हॅचेट?”

मी तोंड उघडलं. गिरजाबाईंनी बरणी माझ्या ताटावर धरली.

“तिले काई सांगू नका हो, मॅडम. मीठ घ्या अन् जेवा.”